जिंकणाऱ्याकडे उशिरा बघा

फ्रान्समध्ये जुलैत संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे नऊ झालेले असतात. टूर द फ्रान्सचा रोजचा टप्पा साधारण याच सुमाराला संपतो. म्हणजे जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला, बाहेर पाऊस नाहीतर न आलेल्या पावसाचा उकाडा, आणि रिमोट तुमच्या हातात. युरोपातल्या फुटबॉलसाठी मध्यरात्री जागावं लागतं, तसं इथे नाही. वेळेच्या हिशेबाने सायकल शर्यतीचा शौक नागपूरकराला इतका सोयीचा आहे की तो इथे फारसा रुजला कसा नाही, याचंच मला नवल वाटतं.

न रुजण्याचं एक कारण मात्र मला अनुभवाने माहीत आहे. पहिल्यांदा शर्यत लावली तेव्हा मी वीस मिनिटं पाहिली आणि बंद केली. दीडशेच्या वर माणसं एका गठ्ठ्याने चाललेली, कोणी कोणाला मागे टाकत नाही, कोणी घाईत दिसत नाही. मधूनच हेलिकॉप्टरमधून एखादा किल्ला, सूर्यफुलांची शेतं. आई म्हणाली, "हे सगळे एकाच गावाले चालले का?" तिला किल्ले आवडले, मला काहीच कळलं नाही. पुढे कळायला लागलं ते उलट्या टोकाने, आणि तेच आधी कोणी सांगितलं असतं तर माझे दोन जुलै वाया गेले नसते. म्हणून हा लेख.

आपली शर्यतीची कल्पना वेगळी असते. विदर्भातल्या माणसाला शर्यत म्हणजे शंकरपट: जोडी सुटते, धुरळा उडतो, काही सेकंदांत निकाल. सायकलचं म्हणाल तर नागपूरला डॉ. अमित समर्थ ठाऊक आहेत. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्याच वर्षी नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती केली. पुढच्या वर्षी समर्थ मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत, नऊ हजारांहून जास्त किलोमीटर गेले. हे पराक्रम मोठेच आहेत, पण त्यांच्यावरून टूर समजत नाही. 'रॅम'मध्ये एकट्याने उतरणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे लपायला मनाई असते. टूरमध्ये लपणं हीच अर्धी विद्या आहे.

ती विद्या टीव्हीवर शिकता येत नाही. आधी एक सकाळ रस्त्यावर घालवा. डिसेंबर-जानेवारीतला रविवार, तीन मित्र, तीन सायकली; गिअरच्याच हव्यात असं नाही. काटोल रोडने फेटरीकडे निघा, किंवा तुमच्या भागातल्या ज्या रस्त्यावर सकाळी ट्रक कमी असतात तिकडे. वारा समोरून येईल अशी दिशा धरा. पहिल्याने दोन मिनिटं पुढे राहायचं, मग बाजूला सरकून शेवटी जायचं, दुसऱ्याने पुढे यायचं. नवख्यांनी मधे निदान एका सायकलीइतकं अंतर ठेवा. कानात काही घालू नका. पुढच्याने हाक दिल्याशिवाय ब्रेक लावायचा नाही आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. तिसऱ्या पाळीपर्यंत तुमच्या लक्षात येईल: पुढे असताना मांड्या भरून येतात, आणि मागे गेल्याबरोबर कोणीतरी पाठीला हात लावून ढकलल्यासारखी सायकल पळते. दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं की तोच वेग ठेवायला तीस-चाळीस टक्के कमी जोर लागतो, असं पुस्तकं सांगतात. व्यावसायिक स्वार पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर राहून हे करतात. तुम्ही करू नका. परतताना तर्री पोहे खा. तो भाग तुम्हाला शिकवायला नको.

हे एकदा मांड्यांना कळलं की टीव्हीवरचा गठ्ठा गठ्ठा राहत नाही. त्यात वाऱ्यात कोण आहे आणि आडोशाला कोण, एवढंच बघत जायचं. जो जिंकणार आहे तो चार तास आडोशालाच असतो. म्हणून त्याच्याकडे बघण्यात चार तास काही अर्थ नाही.

बघायचं ते त्याच्या पुढच्या माणसाकडे. टूरमध्ये एका संघात आठ जण असतात. त्यातला एखादाच जिंकण्यासाठी आलेला असतो. बाकीचे त्याला वारा लागू नये म्हणून. फ्रेंचमध्ये त्यांना 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. मराठीत त्याहून चांगला शब्द पडून आहे: गडी. आपल्याकडे घरकामाला असतो तोही गडी आणि कबड्डीत उतरतो तोही गडी. सायकल संघातला हा माणूस दोन्ही असतो. तो मागे संघाच्या गाडीपर्यंत जातो, जर्सीत पाठीमागून, पुढून, मानेतून पाण्याच्या बाटल्या कोंबतो आणि कुबड आल्यासारखा दिसत पुन्हा पुढे येऊन वाटतो. म्होरक्याची सायकल बिघडली तर आपली देतो. २०२२ च्या टूरमध्ये दगडी रस्त्याच्या टप्प्यावर योनास विंगेगोरची सायकल बिघडली आणि घाईत त्याने घेतली ती त्याच्याहून बऱ्याच उंच सहकाऱ्याची. सीटवर बसून पाय पेडलला पुरेनात. अडीच आठवड्यांनी तीच टूर तो जिंकला, पण मला आजही आधी आठवतात ती त्याची लोंबकळणारी पावलं आणि रस्त्याच्या कडेला बिनसायकलीचा उभा राहिलेला तो गडी.

आता रोजच्या सवयीचं. टप्पा पूर्ण बघू नका. पाच तास कोणाकडे आहेत? सकाळी त्या दिवसाच्या रस्त्याचा उभा नकाशा बघून घ्या, म्हणजे चढ कुठे आहेत ते कळतं. शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर तो असतो, 'प्रोसायकलिंगस्टॅट्स' या स्थळावरही असतो आणि तिथे कोण कोण उतरलंय त्याची यादीही मिळते. रस्ता सपाट असेल तर रात्री साडेआठला लावा. शेवटचे वीसेक किलोमीटर पुरे. डोंगराचा असेल तर सातलाच बसा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सपाट टप्प्यावर सकाळी तीन-चार जण पुढे निसटतात आणि घोळका त्यांना जाऊ देतो. नवा माणूस इथे फसतो, त्याला वाटतं हेच जिंकणार. फ्रेंच समालोचक रोबेर शापात, स्वतः जुना स्वार, याने सांगून ठेवलेला ठोकताळा पाठ करा: घोळका मनावर घेतो तेव्हा दर दहा किलोमीटरला एक मिनिट खातो. साठ किलोमीटर उरलेत आणि निसटलेल्यांकडे चार मिनिटं आहेत? पकडले जाणार. तीसच उरलेत आणि चार मिनिटं आहेत? मग खुर्ची पुढे ओढा. ठोकताळा चुकतोही, आणि तो चुकतो ते दिवस फार चांगले जातात.

डोंगरात हिशेब बदलतो. चढावर वेग उतरला की आडोशाचा फायदा कमी होतो आणि एकेक गडी गळायला लागतो. म्होरक्याजवळ किती गडी उरले हे मोजत राहा. तीन, दोन, एक. शेवटचा बाजूला झाला की मग जिंकणाऱ्याकडे बघायची वेळ झाली. चढांना सोपा ते अवघड असे चौथा ते पहिला दर्जा असतो आणि त्याच्यावर 'दर्जाबाहेर' असा आणखी एक. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो: आल्प द्युएझचा प्रसिद्ध घाट २१ वळणांचा, १३.८ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात तो सुमारे ११०० मीटर चढतो. आपलं चिखलदरा समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून निघून चौदा किलोमीटरमध्ये चिखलदऱ्याला पोहोचायचं, तेही आधीच दोन डोंगर ओलांडून झाल्यावर. सेमिनरी हिल्सला धाप लागणाऱ्या माझ्यासारख्याने यावर जास्त बोलू नये.

जर्सींचं थोडक्यात उरकतो. पिवळी म्हणजे एकूण वेळ सगळ्यात कमी असलेला. १९१९ पासून ती आहे आणि रंग पिवळा, कारण शर्यत भरवणाऱ्या 'लोटो' या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता. इटलीच्या जिरोची गुलाबी, तीही तिथल्या वर्तमानपत्राच्या गुलाबी कागदावरून. हिरवी जर्सी अंतिम रेषेवरच्या आणि वाटेतल्या धावेच्या गुणांची, पांढरी तरुणांची, लाल ठिपक्यांची डोंगरातल्या गुणांची. या शेवटच्या मानाला मराठीत बरोबर शब्द आहे, तो मुंबई–पुणे सायकल शर्यतीने कधीच दिलाय: घाटांचा राजा. बोरघाटात ज्याने तो किताब मिळवला त्याचं नाव पूर्वी पेपरात विजेत्याच्या बरोबरीने यायचं. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते. १९९० मध्ये ग्रेग लेमाँडने आणि २०१७ मध्ये ख्रिस फ्रूमने तेच केलं. त्याच लेमाँडने १९८९ ची टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली होती.

सुरुवात कशाने करावी, असं मला विचारलंत तर तीन आठवड्यांच्या टूरने नाही. एप्रिलमधल्या एका रविवारच्या पॅरिस–रूबेने करा. एकच दिवस, अडीचशेवर किलोमीटर, त्यातले पन्नासहून जास्त जुन्या दगडी रस्त्याचे, चिखल नाहीतर धूळ, आणि शेवट एका जुन्या गोल ट्रॅकवर. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून रस्त्यातलाच एक दगड मिळतो. आपल्याकडे निकाल रात्री आठ-साडेआठपर्यंत लागतो. नाहीतर जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर होणारी महिलांची टूर घ्या. आठ-नऊ दिवसांत आटोपते, आणि चुरशीत पुरुषांच्या शर्यतीला मागे टाकते. २०२४ मध्ये ती आल्प द्युएझवर संपली आणि काशा नेव्याडोमाने डेमी फोलेरिंगला फक्त ४ सेकंदांनी मागे ठेवलं.

मोठ्या शर्यतींचं वर्ष असं जातं: जानेवारीत ऑस्ट्रेलियातली टूर डाउन अंडर (आपल्या सकाळच्या चहाला), मार्चमध्ये मिलान–सान रेमो, एप्रिलमध्ये फ्लँडर्स, रूबे आणि लिएज, मे महिन्यात जिरो, जुलैत टूर, ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनची व्हुएल्टा, मग जागतिक स्पर्धा, ऑक्टोबरात लोंबार्दिया. एक खाचखळगा सांगतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास पुढे जातात. सान रेमोच्या वेळी आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, फ्लँडर्सला साडेतीन. एका वर्षी मी हे विसरलो, ठरल्या वेळी चहा घेऊन बसलो आणि टीव्ही लावला तर माणसं हार-तुरे घेऊन मंचावर उभी.

भारतात दाखवण्याचे हक्क एका वाहिनीकडून दुसरीकडे जात राहतात, म्हणून इथे नाव लिहून उपयोग नाही. शर्यतीच्या आठवडाभर आधी तिच्या संकेतस्थळावर देशवार प्रक्षेपकांची यादी बघा. वर्गणी भरायचीच तर महिन्याची भरा, वर्षाची नको. ज्यांची रात्रपाळी असते त्यांनी टूरच्या यूट्यूब वाहिनीवरचा गोषवारा बघावा, पण तो बघेपर्यंत फोनवरच्या बातम्या उघडू नयेत. वाहिनीच्या पानावर पहिल्याच चित्रात विजेता हात वर करून उभा असतो, त्यामुळे शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी व्हिडिओ लावून द्यायला सांगा. नेटफ्लिक्सवरची 'टूर द फ्रान्स: अनचेन्ड' ही मालिकाही आहे. घरातल्या न बघणाऱ्याला ओढायला ती चांगली. शर्यत समजायला मात्र शर्यतच बघावी लागते.

जुन्यातला एकच टप्पा शोधून बघायचा तर ३१ मे २०२५ चा जिरोचा बघा. आमच्याकडे नवतपा चालू होता, कूलरची टाकी संध्याकाळी दुसऱ्यांदा भरली होती आणि पडद्यावर आल्प्स. फिनेस्त्रे नावाचा घाट, वरचा आठेक किलोमीटरचा रस्ता डांबराविना. २०१८ मध्ये याच घाटात सायमन येट्सची गुलाबी जर्सी गेली होती. फ्रूम ऐंशी किलोमीटर एकटा निघून गेला आणि येट्स कोलमडला. सात वर्षांनी तो पुन्हा तिथे आला तेव्हा तिसरा होता, गुलाबी जर्सीवाल्या इसाक देल तोरोच्या १ मिनिट २१ सेकंद मागे. देल तोरो मेक्सिकोचा, वय एकवीस. त्याचं लक्ष होतं ते दुसऱ्या क्रमांकाच्या कारापासवर. ते दोघे एकमेकांकडे बघत बसले आणि येट्स निघून गेला. इथवर आपण कोणाकडे बघत होतो? या तिघांकडे. खरी गोष्ट घाटापलीकडे चालली होती. येट्सच्या संघाने वाउट फान आर्टला सकाळीच पुढे निसटलेल्यांमध्ये पाठवून ठेवलं होतं. फान आर्ट हा स्वतः टूरचे टप्पे जिंकलेला, हिरवी जर्सी मिळवलेला माणूस. घाट उतरल्यावर येट्स त्याच्या मागे आला आणि सपाटीवर फान आर्टने त्याच्यासाठी वारा कापला. मागचे दोघे 'तू ओढ, मी का ओढू' करत राहिले. जिरो येट्सची झाली. मला विचाराल तर त्या दिवसाचा नायक फान आर्ट, आणि हे मी एकटा म्हणत नाही.

या खेळावर जीव जडला की एक प्रश्न कोणीतरी विचारतंच: "सगळे औषधं घेतात ना?" लान्स आर्मस्ट्राँगचे सातही टूर किताब २०१२ मध्ये काढून घेतले गेले आणि त्या सात वर्षांच्या विजेत्याची जागा आजही रिकामी ठेवलेली आहे. आता रक्ताच्या, लघवीच्या चाचण्या सतत होतात, नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात. तरी शंका पूर्ण जात नाही. मी शंका घेऊनच बघतो. ज्याला तसं जमत नाही त्याने हा शौक लावून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष बघण्याचं. त्यासाठी पासपोर्ट लागायचा, तो काळ गेला. १९ ते २३ जानेवारी २०२६ या दिवसांत पुणे ग्रँड टूर झाली: एक छोटी सलामी आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटर, मुळशी-मावळपासून सह्याद्रीच्या घाटांपर्यंत. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या पंचांगात तिचा वर्ग २.२. पहिला २ म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, एकदिवसीय असती तर १ असता. दुसरा आकडा दर्जाचा, आणि जागतिक दर्जाच्या मोठ्या शर्यती याच्या बऱ्याच वर. पण रस्त्यावर उभं राहणाऱ्याला दर्जाचा फरक जाणवत नाही. अंगावरून जातो तो वारा तसाच असतो.

पुढच्या वेळी जाणार असाल तर सकाळी अजनीहून वंदे भारत धरा, रात्री पुण्यात. तिकीट लागतं ते फक्त गाडीचं. रस्त्याच्या कडेला उभं राहायला कोणी पैसे घेत नाही. सपाट रस्त्यावर उभे राहू नका, अर्ध्या मिनिटात सगळे निघून जातील आणि फोटोत कोणाचा तरी अर्धा दंड येईल. घाटात, वरच्या तिसऱ्या भागातलं वळण गाठा. रस्ता बंद होण्याच्या तासभर आधी पोहोचा. पाणी, टोपी, खायला काहीतरी सोबत असू द्या. पोरांचे हात धरा. कुत्रं आणू नका आणि भटकं दिसलं तर पोलिसाला सांगा. २००७ च्या टूरमध्ये एका स्वाराचं पुढचं चाक कुत्र्यावर आदळून वाकलं होतं. फोन समोर धरून रस्त्यात पाऊल टाकू नका. २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी एका बाईंनी आजी-आजोबांना टीव्हीवर नमस्कार पाठवायला पुठ्ठ्याची पाटी पुढे केली, पाठ शर्यतीकडे होती, आणि अर्धा घोळका रस्त्यावर आडवा झाला.

पहिले गेले की बहुतेक लोक पांगतात. तुम्ही थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी एक टोळी येईल, जाडजूड मांड्यांच्या, चढाला कंटाळलेल्या लोकांची. शर्यतीत तिला 'बस' म्हणतात, आपण एसटी म्हणू. ते जिंकायला येत नसतात. ठरलेल्या मुदतीत पोहोचलं नाही तर उद्या उतरू देत नाहीत, म्हणून एकमेकांना धरून येतात. त्यांच्यातच सकाळभर बाटल्या वाहिलेले गडी असतात. त्यांच्याही मागे एखादा एकटा असेल. टूरमध्ये शेवटच्याला 'लाल कंदील' म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या लाल दिव्यावरून. त्याच्या पाठोपाठ थकलेल्यांना गोळा करणारी झाडूगाडी येते. ती पुढे जाईपर्यंत रस्ता सोडू नका, आणि त्या एकट्याला टाळ्या जरा जोरात द्या. त्याला त्या सगळ्या ऐकू येतात.